हृदयातील दुय्यम कर्करोग : संशोधनाचा इतिहास

शरीराच्या अन्य एखाद्या भागात उद्‌भवलेल्या मारक अर्बुदातील कोशिका रक्त, लसीका किंवा लगतची ऊतके यांच्या वाटेने हृदयात अथवा हृदयावरणात पोहोचून तेथे वाढू लागल्या म्हणजे त्या विकाराला हृदयाचा दुय्यम कर्करोग म्हणतात. हृदयातच मूळ धरणारी प्राथमिक अर्बुदे अत्यंत विरळ असून दुय्यम अर्बुदे त्यांच्या किमान वीसपट आढळतात. तरीही ‘हृदयाला कर्करोग होत नाही’ ही समजूत सामान्यांतच नव्हे, तर वैद्यकीय वर्तुळातही दीर्घकाळ टिकून होती. तिचे मूळ पाहू गेल्यास असे दिसते, की हा रोग जितका दुर्मिळ मानला गेला तितका तो कधीच नव्हता. तो पाहण्याची साधने दुर्मिळ होती. शवविच्छेदन, सूक्ष्मदर्शक, श्राव्यातीत ध्वनी यांपैकी प्रत्येक साधन हाती आले तसतशी या रोगाची दुर्मिळता कमी होत गेली.

प्राचीन ग्रीक विचारात हृदयाला सर्व अंतस्त्यांत श्रेष्ठ स्थान होते. प्राण्यांच्या अवयवांवरील आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटल यांनी म्हटले आहे, की गंभीर विकार सोसू न शकणारे हृदय हे एकमेव अंतस्त्य होय; कारण तेच बिघडले, तर त्यावर अवलंबून असलेल्या इतर अवयवांना आधार उरत नाही. बळी दिलेल्या जनावरांच्या हृदयात विकृती आढळत नाहीत, असा अनुभवाचा पुरावाही त्यांनी दिला होता. निरोगी म्हणून निवडलेल्या जनावरांच्या हृदयात विकृती सापडणार तरी कोठून, हा प्रश्न मात्र पुढील कित्येक शतके फारसा कोणी विचारला नाही. भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेने हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत, म्हणजे आघात होताच प्राण हरण करणाऱ्या स्थानांत केली आहे. त्याच संहितेत अर्बुदांचे वर्णन असून आधीच्या अर्बुदावर पुन्हा उद्‌भवणाऱ्या अर्बुदाला अध्यर्बुद असे नाव दिले आहे. आधुनिक मराठी वैद्यकाने ‘अर्बुद’ ही संज्ञा तेथूनच घेतली. तथापि अध्यर्बुद म्हणजेच आजच्या अर्थाने रोगाचे स्थानांतर, असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल; त्यामागे कोशिकेची किंवा रक्ताभिसरणाची कल्पना नव्हती.

हृदयातील अर्बुदाचा पहिला उल्लेख सामान्यतः इटालियन शारीरविज्ञ रेअल्दो कोलोंबो यांच्या नावावर दिला जातो. त्यांच्या मृत्यूनंतर १५५९ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या शारीरविषयक ग्रंथात एका धर्मगुरूच्या डाव्या निलयात आढळलेल्या अर्बुदाची नोंद आहे. ते खरोखर अर्बुद होते की साकळलेल्या रक्ताची गाठ होती, हे आता ठरविता येणार नाही. मृत्यूनंतर हृदयाच्या कप्प्यांत रक्त साकळते आणि त्याच्या पांढुरक्या, चिवट गाठी अर्बुदासारख्या दिसतात. सोळाव्या ते अठराव्या शतकांत हृदयातील ‘पॉलिप’ या नावाखाली ज्या असंख्य नोंदी झाल्या त्यांतील बहुतेक अशा गाठींच्याच असाव्यात. जोव्हान्नी बात्तीस्ता मोर्गान्ये (१६८२–१७७१) यांनी १७६१ मध्ये आपल्या ग्रंथात रुग्णाची लक्षणे आणि शवविच्छेदनातील विकृती यांची शेकडो उदाहरणांनी सांगड घातली व विकृतिविज्ञानाचा पाया घातला. मृत्यूपूर्वी काय झाले आणि मृत्यूनंतर काय झाले यांत भेद करण्याची सवय वैद्यांना तेव्हापासून लागली.

रोग एका जागेहून दुसऱ्या जागी जातो, या कल्पनेला आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात आला. फ्रेंच वैद्य जोझेफ रेकाम्ये (१७७४–१८५२) यांनी १८२९ मध्ये कर्करोगाच्या या प्रसाराला ‘मेटास्टॅसिस’ ही संज्ञा लावली व नीलांमध्ये शिरलेल्या कर्करोगाचे वर्णन केले. रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी १८५८ मध्ये कोशिकीय विकृतिविज्ञान मांडले. पण विशेष म्हणजे दुय्यम अर्बुदांच्या बाबतीत स्वतः फिरखो यांचा कल, मूळ अर्बुदातून वाहत गेलेला रस दूरच्या कोशिकांना बिघडवितो, असे मानण्याकडे होता. प्रवास रसाचा नसून प्रत्यक्ष कोशिकांचा होतो, हे कार्ल टीर्श, व्हिल्हेल्म व्हाल्डायर आदींच्या कार्यामुळे १८६५ नंतरच्या काळात मान्य होत गेले.

कोशिका रक्तातून प्रवास करतात असे ठरताच हृदयाविषयी एक अडचणीचा प्रश्न उभा राहिला. शरीरातील सर्व रक्त हृदयातून जाते, म्हणजे रक्तात उतरलेली प्रत्येक कर्ककोशिका फुप्फुसाकडे जाताना हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून पुढे सरकते. मग हृदयातच ती सर्वांत जास्त का रुजत नाही? इंग्लिश शल्यचिकित्सक स्टीव्हन पॅजेट (१८५५–१९२६) यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून, दुय्यम अर्बुदांची वाटणी यादृच्छिक नसते, असे दाखविले. बी सर्वत्र पडते, पण मानवेल त्या जमिनीतच उगवते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. याउलट अमेरिकन विकृतिवैज्ञानिक जेम्स यूइंग (१८६६–१९४३) यांनी १९२८ मध्ये जमिनीपेक्षा वाटेला महत्त्व दिले : ज्या अवयवाकडे रक्ताचा प्रवाह जसा जातो तशी तेथे दुय्यम अर्बुदे होतात. हृदय हा या दोन्ही मतांचा कस पाहणारा अवयव होय. विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे विसावा हिस्सा हृद्‌रोहिण्यांतून हृत्‌स्नायूकडेच परत येतो. केवळ प्रवाहाचा हिशेब केला, तर हृदयातील दुय्यम अर्बुदे आढळतात त्यापेक्षा अधिक आढळावयास हवीत.

या अल्पतेची अनेक कारणे सुचविण्यात आली आहेत. कप्प्यांतील रक्ताचा वेग इतका असतो, की कोशिकेला भिंतीला चिकटण्यास अवसर मिळत नाही. हृत्‌स्नायू अविरत आकुंचन पावत असतो. हृद्‌रोहिण्यांच्या शाखा मूळ रोहिणीपासून जवळजवळ काटकोनात फुटतात. लसीकेचा प्रवाह हृदयाच्या आतून बाहेर, म्हणजे हृदयाकडे येण्याऐवजी हृदयापासून दूर जातो. यांतील शेवटचे कारण सर्वांत भरीव वाटते, कारण त्याचा विपर्यासही प्रत्यक्ष दिसतो. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाने छातीच्या मध्यभागातील लसीका ग्रंथी भरून गेल्या की हृदयाकडून येणारी लसीका तुंबते व उलट वाहू लागते आणि तिच्याबरोबर कर्ककोशिका हृदयावरणात शिरतात. दुय्यम कर्करोगात हृदयावरणच बहुधा प्रथम व अधिक ग्रासले जाते, त्याचा उलगडा यावरून होतो.

गणनेचा काळ : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या रुग्णालयांत शवविच्छेदन हा नित्याचा भाग होता आणि त्यामुळे प्रथमच आकडे हाती आले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील आर्‌. डब्ल्यू. स्कॉट आणि सी. एफ्‌. गार्व्हिन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मारक अर्बुदांच्या १,०८२ शवविच्छेदनांपैकी सुमारे ११ टक्क्यांत हृदय किंवा हृदयावरण ग्रासलेले होते. स्वित्झर्लंडमधील ईव्हान माएम यांचा हृदयातील अर्बुदांवरील ग्रंथ १९४५ मध्ये आणि आर्‌. डब्ल्यू. प्रिचर्ड यांचा १५० उदाहरणांवरील समालोचनपर निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. या कार्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. कर्करोगाने मृत्यू पावणाऱ्या दहा रुग्णांपैकी साधारणतः एकाच्या हृदयापर्यंत रोग पोहोचलेला असू शकतो. आणि त्यातील बहुसंख्य रुग्णांच्या हयातीत त्याचा संशयही कोणाला आलेला नसतो. पाहणी-पाहणीत आकडे फार वेगळे येतात, त्याचे एक साधे कारण आहे. हृदय किती ठिकाणी कापून पाहिले, यावर उत्तर अवलंबून असते. काही मिलिमीटर व्यासाची गाठ दोन छेदांच्या मधल्या जागेत सहज राहून जाते.

हृदयाची ओढ असणारे विरळ कर्करोग : संख्येने पाहता हृदयातील दुय्यम अर्बुदे मुख्यतः फुप्फुस व स्तन यांच्या कर्करोगांची आणि रक्त व लसीका यांच्या मारक विकारांची असतात, हे रोगच मुळात पुष्कळ असल्याने तसे होते. पण एकूण रुग्णांच्या प्रमाणात पाहिले, तर चित्र पालटते आणि एरवी विरळ असलेली काही अर्बुदे अग्रभागी येतात. त्यांत कृष्णार्बुद म्हणजे मेलॅनोमा याचे स्थान विशेष आहे. त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या कोशिकांपासून होणारा हा कर्करोग गौरवर्णीय लोकांत अधिक आढळतो. भारतात तो विरळ असून बऱ्याचदा तळपाय, नखे किंवा श्लेष्मकला येथे उद्‌भवतो. त्याचे स्वतंत्र रोग म्हणून पहिले वर्णन फ्रेंच वैद्य रने लेनेक (१७८१–१८२६) यांनी १८०४ मध्ये पॅरिस येथे सादर केले व ते १८०६ मध्ये प्रसिद्ध झाले. हेच लेनेक पुढे १८१६ मध्ये स्टेथॉस्कोपचे जनक झाले. ज्या रोगाला हृदयाची इतकी ओढ आहे त्याचा आणि हृदयाचा ध्वनी ऐकविणाऱ्या उपकरणाचा संबंध एकाच व्यक्तीशी यावा, हा केवळ योगायोग. त्या उपकरणाने मात्र हा रोग क्वचितच ऐकू येतो. त्याही आधी, १७८७ मध्ये, लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर (१७२८–९३) यांनी एका रुग्णाच्या जबड्याजवळची काळी गाठ काढून जतन केली होती. ती मेलॅनोमाची होती, हे १९६८ मध्ये त्या नमुन्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा निश्चित झाले.

त्याच वर्षी अमेरिकेतील डी. एल्‌. ग्लॅन्सी आणि विल्यम रॉबर्ट्‌स यांनी मेलॅनोमाच्या ७० रुग्णांच्या हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश रुग्णांच्या हृदयात दुय्यम अर्बुदे होती. एवढे प्रमाण त्यापूर्वी दुसऱ्या कोणत्याही कर्करोगात दिसले नव्हते. मेलॅनोमा रक्तावाटे पसरत असल्याने तो केवळ हृदयावरणात न थांबता हृत्‌स्नायूत आणि चारही कप्प्यांत रुजतो. अशा हृदयाच्या छेदावर काळ्या-तपकिरी गाठी विखुरलेल्या दिसतात; म्हणून विकृतिवैज्ञानिकांनी त्याला कोळशाच्या हृदयाची उपमा दिली. एवढे होऊनही पुष्कळ रुग्णांत हृदयाचे काम शेवटपर्यंत बऱ्यापैकी चालू राहते, ही या रोगातील सर्वांत चकित करणारी बाब होय. रॉबर्ट्‌स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास लसीकार्बुदाच्या १९६ रुग्णांचीही अशीच पाहणी केली. तीत सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांची हृदये ग्रासलेली आढळली.

दुसरे उदाहरण फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमाचे. हा विरळ कर्करोग हृदयाच्या शेजारीच उद्‌भवतो आणि थेट वाढत हृदयावरणात शिरतो. जे. सी. वॅगनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातील ३३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि या रोगाचा ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी संबंध जोडला. धुळीचा संपर्क आणि रोग यांत अनेकदा तीस-चाळीस वर्षांचे अंतर पडते. इटलीतील ट्रीएस्टे या जहाजबांधणीचा वारसा असलेल्या बंदरात १९९४ ते २००३ या काळात झालेल्या १८ हजारांहून अधिक शवविच्छेदनांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मारक अर्बुदे असलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के जणांच्या हृदयात दुय्यम अर्बुदे आढळली. फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमात मात्र हे प्रमाण निम्म्याच्या जवळ, म्हणजे मेलॅनोमापेक्षाही अधिक होते. बंदराचा इतिहास असा त्याच्या शवागारात वाचावयास मिळाला. ॲस्बेस्टॉसयुक्त सिमेंटचे पत्रे महाराष्ट्रातही असंख्य घरांवर व गोदामांवर आहेत, म्हणून या उदाहरणाकडे परदेशी कुतूहल म्हणून पाहता येत नाही.

वृक्काच्या कर्करोगाची रीत निराळीच आहे. तो नीलेच्या आतून जिभेसारखा वाढत वृक्कनीलेतून अधर महानीलेत आणि क्वचित, शंभर रुग्णांपैकी सुमारे एकात, उजव्या अलिंदापर्यंत पोहोचतो. येथे कर्करोग हृदयात रुजत नाही, केवळ शिरतो. म्हणून तो समूळ काढणे काही वेळा शक्य होते. लहान मुलांतील विल्म्स अर्बुद आणि यकृताचा कर्करोग हेही याच वाटेने जातात. वारेच्या ऊतकापासून उद्‌भवणारा कोरिओकार्सिनोमा रक्तावाटे फुप्फुसात व क्वचित हृदयाच्या उजव्या भागात पसरतो. मिन च्यू ली व रॉय हर्ट्‌झ यांनी १९५६ मध्ये मेथोट्रेक्सेट या औषधाने तो पसरलेल्या अवस्थेतही बरा होऊ शकतो, असे दाखविले.

हयातीतील निदान : क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला व विद्युत् हृल्लेखनाचे तंत्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी आले, पण दोहोंनीही या रोगाच्या बाबतीत अप्रत्यक्ष इशारेच दिले. हृदयाची वाढलेली छाया, अकारण सुरू झालेली अनियमित स्पंदने, विद्युत् संवेगाच्या वहनातील अडथळा किंवा हृद्‌रोहिणी बंद नसतानाही हृद्‌स्नायू-मृतीसारखा दिसणारा आलेख, एवढ्यावरून संशय घ्यावा लागे. ए. आर्‌. बार्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये विद्युत् हृल्लेख आणि दूरच्या गाठीचे ऊतकपरीक्षण यांच्या साह्याने हृदयाच्या प्राथमिक मारक अर्बुदाचे निदान रुग्णाच्या हयातीत केले, तेव्हा ती वेगळी नोंद घेण्याजोगी घटना ठरली. खरा बदल स्वीडनमधील लुंड येथे झाला. हृद्‌रोगतज्ञ इंगे एड्‌लर आणि भौतिकीविज्ञ हेल्मूट हेर्ट्‌स यांनी १९५३ मध्ये, धातूतील दोष शोधण्यासाठी बनविलेले श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण छातीवर ठेवून हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. जर्मनीतील स्व्हेन एफर्ट यांनी १९५९ मध्ये याच पद्धतीने अलिंदातील अर्बुद ओळखता येते, असे दाखविले. द्विमितीय प्रतिमा १९७० नंतरच्या दशकात उपलब्ध झाल्यावर रुग्णाच्या उशाशी बसून हृदयातील गाठ व हृदयावरणातील द्रव पाहणे वैद्याला शक्य झाले. पुढे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाचित्रणाने गाठ आणि रक्ताची गुठळी यांतील भेद सांगण्याइतकी सूक्ष्मता आणली. कोलोंबो यांच्या काळापासूनची ती जुनी अडचण अशा रीतीने बरीचशी दूर झाली.

निदानाचे महत्त्व हृदयावरणातील द्रवाच्या बाबतीत सर्वांत अधिक आहे. सामान्यतः तेथे १५ ते ५० मिली. द्रव असतो. सावकाश साठला, तर एक लिटरहून अधिक द्रवही शरीर सहन करते. झपाट्याने साठला, तर २०० मिली. सुद्धा हृदयाला बाहेरून आवळून प्राणघातक ठरतो. स्पॅनिश शल्यचिकित्सक फ्रांथिस्को रोमेरो यांनी १८०१ मध्ये छाती उघडून आणि व्हिएन्ना येथील फ्रान्स शू यांनी १८४० मध्ये नळी टोचून असा द्रव काढला होता. उपाय जुना आहे, सोपाही आहे. तो योजण्याइतके लवकर निदान होणे, हीच खरी उणीव राहिली. भारतात तीत आणखी एक गुंतागुंत आहे. येथे हृदयावरणात द्रव साठण्याचे क्षयरोग हे एक प्रमुख कारण असल्याने रक्तमिश्रित द्रव दिसताच क्षयाचा विचार प्रथम येतो आणि तो बहुधा योग्यही असतो. परंतु क्षयाची औषधे सुरू करून आठवडे गेले व द्रव पुनःपुन्हा भरत राहिला, तर त्या द्रवातील कोशिकांची तपासणी व्हावयास हवी, हे विसरले जाते. त्या विलंबाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि तेथील विकृतिविज्ञान विभाग उभारणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीय रुग्णांतील कर्करोगाचे स्वरूप परदेशी पुस्तकांवरून गृहीत न धरता येथील ऊतकांवरून ठरविण्याचा पायंडा पाडला. हृदयाच्या दुय्यम कर्करोगाबाबत ती दृष्टी अद्याप पुरेशी वापरली गेलेली नाही.

उपचारांत शस्त्रक्रियेचे स्थान मर्यादित आहे. क्लॅरन्स क्राफोर्ड यांनी १९५४ मध्ये स्टॉकहोम येथे हृद्‌-फुप्फुस यंत्राच्या साह्याने डाव्या अलिंदातील सौम्य अर्बुद यशस्वी रीत्या काढले. हीच पद्धत पुढे अलिंदापर्यंत चढलेल्या वृक्काच्या कर्करोगासाठी उपयोगी पडली. हृत्‌स्नायूत विखुरलेल्या गाठी मात्र कापून काढता येत नाहीत. लसीकार्बुदात औषधांनी हृदयातील गाठी वितळतात. यासाठी वापरले जाणारे डॉक्सोरूबिसिन हे औषधच हृत्‌स्नायूला अपाय करू शकते, हे ध्यानात ठेवून त्याची मात्रा बेतावी लागते. मेलॅनोमाच्या बाबतीत २०११ मध्ये इपिलिमुमॅब हे शरीराची प्रतिकारयंत्रणा मोकळी करणारे औषध अमेरिकेत मान्य झाले व अनेक रुग्णांचे आयुष्य वाढले. या तत्त्वाच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधांनी क्वचित हृत्‌स्नायूचा तीव्र दाह होतो. तेव्हा मेलॅनोमाच्या रुग्णाच्या हृदयात बिघाड दिसला, तर तो रोगाचा की औषधाचा, हे ठरविणे हा हृद्‌रोगतज्ञापुढील एक नवा प्रश्न होऊन बसला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर शवविच्छेदनांचे प्रमाण घसरत गेले; अमेरिकेत रुग्णालयांच्या मान्यतेसाठी असलेली किमान शवविच्छेदनांची अट १९७० नंतर लवकरच काढून टाकण्यात आली. भारतात न्यायवैद्यकीय कारणाखेरीज होणारी शवविच्छेदने थोड्या अध्यापन रुग्णालयांपुरतीच उरली आहेत. प्रतिमाचित्रणाने दिसतात त्या गाठी साधारणतः मोठ्या असतात. लहान गाठी व हृदयावरणाचे पातळ थर त्यातून निसटतात. कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक काळ जगू लागल्याने रोग हृदयापर्यंत पोहोचण्यास अवधीही अधिक मिळतो. त्यामुळे हृदयातील दुय्यम कर्करोगाचे प्रमाण सांगताना आजही मुख्यतः जुन्या शवविच्छेदनांच्या आकड्यांवर आणि ट्रीएस्टेसारख्या ज्या मोजक्या शहरांनी ती परंपरा टिकविली त्यांच्या नोंदींवर विसंबावे लागते.